रद्दीचा कोपरा : घरातला सुका कचरा निवडायचा कुणी?

(ताज्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. मध्येच आलेल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या वगळल्या आहेत.)



लढाया, तह, किल्ले यांच्यावर आपण बरेच भाग केले. आज घरातच बसायचंय, आणि तेही दिवाणखान्यात नाही. जिन्याखाली, दाराआड, माळ्यावर किंवा मागच्या गॅलरीत प्रत्येक मराठी घरात एक कोपरा असतो. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, दोन-चार रिकाम्या बाटल्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली खोकी. पाहुणे आले की आपण त्यावर चादर टाकतो. आजचा भाग त्या कोपऱ्याच्या इतिहासावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? तर थांबा. घरातला सुका कचरा नीट कसा साठवायचा, हे शिकवणारे व्हिडिओ हल्ली ढिगानं आहेत. रंगीत डबे, त्यांवर चिठ्ठ्या, एकावर एक बसणारे क्रेट. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की ही सवय नवी आहे आणि आपण ती शिकायची आहे. मला मात्र जुनी कागदपत्रं, जुने शब्द आणि जुन्या घरांची रचना पाहताना उलटं चित्र दिसतं. वस्तू वेगवेगळ्या करून ठेवणं हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम होतं. मध्यंतरी ते घरातून सुटलं. पण काम संपलं नाही, ते उठून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं. कुणाच्या, कधी आणि का, एवढंच आज बघू.

मोड, चिंधी आणि पोतेरं

सुरुवात शब्दांपासून करू, कारण भाषा ही सुद्धा एक अडगळीची खोलीच असते. जुन्या गोष्टी तिथे शाबूत सापडतात.

‘मोडीत काढणे’ असं आपण सहज म्हणतो. जुनी गाडी मोडीत काढली, जुना कायदा मोडीत निघाला. ही ‘मोड’ म्हणजे फुटकं-तुटकं धातूचं भांडं. तांब्याची कळशी गळायला लागली, पितळेच्या पातेल्याचा काठ फाटला, की ते भांडं टाकून देत नसत. ते एका बाजूला ठेवायचं, आणि लग्नकार्याच्या किंवा सणाच्या आधी कासाराकडे न्यायचं. तो मोड वजन करून घ्यायचा, तेवढे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायचा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज यायचा, त्यातला बराचसा धातू असा कुणाच्या ना कुणाच्या घरातून फिरून आलेला असायचा. थोडक्यात, फुटकं भांडं ही घरातली शिल्लक होती. ती वेगळी ठेवायची, कारण तिला भाव होता.

कापडाचा प्रवास याहून लांब. माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या तोंडी एका लुगड्याची चार आयुष्यं असत. नवं असताना ते नेसायचं. विरलं की घरात नेसायचं. फाटलं की त्याचे थर घालून गोधडी शिवायची किंवा बाळाची दुपटी करायची. आणि अगदीच जाळी झाली की पोतेरं. मधल्या टप्प्यावर अजून एक उपयोग होता, ज्याबद्दल मोठ्यानं बोलत नसत. मासिक पाळीसाठी बायका जुन्या सुती कापडाच्या घड्या वापरत, आणि त्या घड्या घरात कुणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी ठेवलेल्या असत. हे मुद्दाम सांगतोय. या गोष्टीकडे आपल्याला शेवटी परत यायचंय.

आणि चिंधी? ‘चिंधी’ हा आपण आज क्षुल्लक या अर्थानं वापरतो. पण कागद करणाऱ्याच्या दृष्टीनं चिंधी म्हणजे कच्चा माल.

कागद जुना, कागद नवा

मराठेशाहीतली दप्तरं ज्यांनी हाताळलीत त्यांना जुन्नरी आणि दौलताबादी कागद ही नावं ओळखीची असतील. जुन्नरला कागदी लोकांची वस्ती होती. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव तर या धंद्याच्या नावानंच ओळखलं जातं. तिथली परंपरा महंमद तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली त्या काळाशी जोडली जाते, म्हणजे चौदाव्या शतकाशी.

हातकागद कशापासून होतो? चिंध्या, तागाचं जुनं गोणपाट, झिजलेले दोरखंड आणि जुना कागद. हे सगळं भिजवायचं, चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, कुटायचं, धुवायचं. मग त्याचा लगदा पाण्यात पातळ करून चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा. वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. म्हणजे ज्या तावावर सरकारी हुकूम लिहिला गेला, त्यात कुणाच्या तरी धोतराचं सूत आणि कुणाच्या तरी धान्याचं पोतं असायचं. आज ‘पुनर्वापर’ असा जड शब्द आपण वापरतो. त्या काळी त्याला वेगळं नाव नव्हतं, कारण कागद करायची पद्धतच ती होती.

यंत्राचा कागद आला तेव्हाही हे चक्र लगेच तुटलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत आणि पुण्याजवळ मुंढव्याला कागदगिरण्या निघाल्या, आणि त्यांनाही चिंध्या आणि जुना कागद हवाच असायचा. पुढे १९४० साली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून, पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. शिवाजीनगरला ती आजही आहे, आणि सुती कापडाच्या कतरणांपासूनच तिथे कागद होतो.

यातून एक साधी गोष्ट कळते. घरातली चिंधी जपली जायची ती घरातल्यांना पर्यावरणाची काळजी होती म्हणून नव्हे. दाराबाहेर ती मागणारा कुणीतरी होता म्हणून.

दारात येणारी माणसं

हा ‘मागणारा’ कोण, ते आता बघू. खरं तर ‘मागणारी’ म्हणायला हवं.

बोहारीण आठवते? डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची चकचकीत भांडी, काखेत कपड्यांचं गाठोडं. दुपारची जेवणं उरकली की ती यायची, कारण घरातले पुरुष कामावर गेलेले असायचे आणि व्यवहार बायकांच्या हातात असायचा. दोन पँटी, एक साडी आणि तीन शर्ट यांच्या बदल्यात एक पातेलं. ‘ताई, अजून एक साडी टाका, मग झाकण देते.’ हा सौदा तासभर चालायचा, आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटल्याशिवाय संपायचा नाही. तिनं नेलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात पुन्हा विकले जात. अगदीच फाटके असतील ते कारखान्यात यंत्रं पुसायला जात. जरीची जुनी साडी घेणारा वेगळाच माणूस यायचा. ती जर जाळून त्यातली चांदी काढत, म्हणून तिचा भाव निराळा.

तिच्या पाठोपाठ रद्दीवाला, भंगारवाला, बाटलीवाला. प्रत्येकाची हाक वेगळी, दिवस वेगळा. आणि म्हणून घरातली जागाही वेगळी! बोहारणीचं गाठोडं कपाटाच्या वर, मोड फडताळाच्या तळाला, पेपर माळ्यावर, बाटल्या मोरीच्या कडेला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहायची, तरी या गोष्टींना खाटेखाली ठरलेली जागा असायची. कुणी त्याला ‘वर्गीकरण’ म्हणत नव्हतं. जो येणार त्याला ते पटकन काढून देता यावं, आणि भेसळ दिसली म्हणून त्यानं भाव पाडू नये, एवढंच कारण.

लोखंड आणि काच एकत्र ठेवली तर भंगारवाला नाक मुरडणार. ओला पेपर दिला तर रद्दीवाला वजनातून कापणार. तोही काट्यात दांडी मारणार ते वेगळं. तेवढा हिशोब दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला असायचा.

गठ्ठ्याची जाडी

रद्दी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो पेपरचा गठ्ठा. या गठ्ठ्याला स्वतःचा एक राजकीय इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे न्यूजप्रिंट, ही टंचाईची वस्तू होती. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना मध्य प्रदेशात नेपानगरला निघाला, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. बाकी कागद परदेशातून यायचा आणि त्यासाठी परकीय चलन लागायचं. १९७२-७३च्या धोरणात तर सरकारनं वर्तमानपत्रांना दहा पानांची कमाल मर्यादा घातली. काही वृत्तपत्रं सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं पानांवरचं हे बंधन अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवून रद्द केलं. बेनेट कोलमन खटला म्हणून तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो.

आता हे घराच्या बाजूनं बघा. पेपर बारीक, म्हणजे महिन्याचा गठ्ठाही बारीक. शिवाय त्याला घरातच शंभर उपयोग. फडताळात अंथरायला, वह्यांना कव्हर घालायला, पापड वाळवायला, खिडकीच्या काचा पुसायला. उरलेली रद्दी वाण्याकडे जायची, आणि वाणी त्याच्याच पुड्या बांधायचा. वरून लटकणाऱ्या रिळाचा दोरा सर्रकन ओढून पुडीला चार वेढे. जिरे आणलेल्या पुडीवरची अर्धी बातमी वाचून उरलेल्या अर्ध्या बातमीसाठी चुटपुट लागलेले वाचक माझ्या माहितीत आहेत! छापील शाई अन्नाला लागते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असा इशारा दिला. तो योग्यच आहे. पण तोवर पुडीचा जमाना तसाही सरत आला होता.

नव्वदच्या दशकात न्यूजप्रिंटच्या आयातीवरची बंधनं सैल झाली. रंगीत पुरवण्या वाढल्या आणि गठ्ठा भराभरा उंच व्हायला लागला. त्याच काळात घरं मात्र बदलली. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या. माळा गेला, जिन्याखालची जागा सामायिक झाली. आणि मग २०२०च्या टाळेबंदीत कितीतरी घरांत पेपर यायचा बंद झाला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. त्याच्या जागी आता काय आलंय? घरपोच मागवलेल्या सामानाची पुठ्ठ्याची खोकी. कोपरा तोच, मुक्कामाला आलेला पाहुणा दुसरा.

बाटली परत करायची असते

आता काच आणि पत्रा. दवाखान्यातलं मिश्चर आठवतंय का? लाल किंवा गुलाबी औषध, आणि बाटलीला डोस मोजण्यासाठी डकवलेली कातरलेली कागदी पट्टी. बाटली घरूनच न्यावी लागायची. म्हणून घरात स्वच्छ धुतलेल्या, बुचासकट ठेवलेल्या दोन-तीन बाटल्या कायम तयार असत.

मुंबईकरांना आरेची बाटली आठवेल. १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली, शहरातले गोठे तिकडे हलवायला सुरुवात झाली, आणि पुढे काचेच्या बाटल्यांतलं दूध केंद्रांवर मिळू लागलं. वर ॲल्युमिनियमचं पातळ, रंगीत पट्ट्यांचं बूच. सकाळी रिकामी बाटली विसळून न्यायची, भरलेली आणायची. बाटली फुटली तर भुर्दंड. त्यामुळे तिला स्वयंपाकघरात ठरलेली जागा होती आणि घरातल्या मुलांना ताकीद होती. ती चकचकीत बुचं साठवून दिवाळीला आकाशकंदिलाची सजावट करणारे लोकही होते.

पत्र्याच्या डब्यांचंही तेच. घासलेटचा चौकोनी डबा रिकामा झाला की वरचा पत्रा कापून, कडी लावून पाणी तापवायला किंवा धान्य भरायला. डालडा १९३७ साली बाजारात आला. त्याचा ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा डबा पोह्यांपासून तुळशीपर्यंत सगळ्याला चालायचा.

या सगळ्या वस्तूंमध्ये एक समान धागा आहे. रिकामी झाली तरी त्यांची ‘रिकामी’ म्हणून किंमत होती. एक तर दुकान परत घ्यायचं, नाहीतर घर वापरायचं, नाहीतर दारावरचा माणूस विकत घ्यायचा.

ज्याला भाव नाही ते

आता गोष्टीतलं वळण येतं.

बाटलीच्या जागी दुधाची पिशवी आली. तरीही गृहिणींनी ती पद्धत सोडली नाही. पिशवी कोपऱ्यात कापायची, तुकडा वेगळा होऊ द्यायचा नाही, आतून विसळायची, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवायची, आणि शंभर झाल्या की रद्दीवाल्याला द्यायची. अजूनही कित्येक घरांत हे चालतं. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, म्हणून तिला भाव मिळतो.

पण १९८०च्या दशकापासून दुसऱ्या प्रकारच्या पिशव्या आल्या. शांपूची छोटी पुडी, मग गुटख्याची, वेफर्सची, बिस्किटांची. दिसायला चकचकीत, पण त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले. हे थर सुटे करणं अवघड आणि महाग, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. इतिहासात पहिल्यांदाच घरात रोज येणारी अशी वस्तू आली, जी मजबूत आहे, कुजत नाही, आणि रिकामी झाल्यावर तिला कुठेच गिऱ्हाईक नाही.

मग ती कुठे गेली? भाजीच्या देठांबरोबर, चहाच्या चोथ्याबरोबर, एका काळ्या पिशवीत. आणि एकदा का सगळं एकत्र टाकायची सवय लागली, की ज्याला भाव होता तेही त्यातच जायला लागलं. दोन रुपयांच्या बाटलीसाठी कोण जागा अडवणार? घरातली बाई आता नोकरीला जाऊ लागली होती, बोहारणीची दुपारची वेळ हुकायला लागली होती, आणि सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागली होती. यातली कोणतीच गोष्ट कुणी वाईट हेतूनं केली नाही. पण सगळ्यांचा मिळून परिणाम असा, की पिढ्यान्‌पिढ्या घरात होणारी निवड दाराबाहेर गेली.

कचराकुंडीपाशी

आणि ती कुणाच्या हातात गेली, तर दुष्काळानं शहरात आलेल्या बायकांच्या.

१९७२चा दुष्काळ. मघाशी आपण याच सालातल्या दहा पानांच्या पेपरबद्दल बोललो. त्याच सुमारास मराठवाड्यातून आणि इतर कोरड्या भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं पुण्या-मुंबईकडे निघाली. पुण्यात आलेल्या दलित, भूमिहीन कुटुंबांतल्या अनेक बायकांना जे काम मिळालं ते कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचायचं. भांडवल लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही, आणि दुसरं कुणी ते करायला तयार नाही. पहाटे पोतं घेऊन निघायचं, वाकून, उष्ट्या-खरकट्यात हात घालून, घराघरांतून एकत्र होऊन आलेला माल पुन्हा सुटा करायचा. म्हणजे आजीच्या फडताळात जे काम कोरड्या हातानं पाच मिनिटांत व्हायचं, तेच काम आता घाणीत, उन्हात, कुत्र्यांच्या आणि कधी पोलिसांच्या ससेमिऱ्यात. भंगार चोरल्याचा आळ हा तर नेहमीचाच.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या विभागानं कचरावेचक बायका-मुलांसाठी काम सुरू केलं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या त्यातल्या दोन कार्यकर्त्या. त्या साक्षरता वर्गांच्या निमित्तानं गेल्या होत्या, पण बायकांचं म्हणणं दुसरंच होतं. ते अगदी साधं होतं. लोकांनी घरातच सुकं वेगळं करून आमच्या हातात दिलं तर आम्हाला कुंडीत उतरावं लागणार नाही.

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. मदत मागितलेली नाही, दया मागितलेली नाही. आपल्या घरांत पूर्वी जी वर्गवारी होती, नेमकी तीच परत मागितली आहे.

मे १९९३मध्ये पुण्यात आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद भरली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. तिथून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. नाव बघा! कुठेही ‘कचरा’ हा शब्द नाही. कागद, काच, पत्रा. आजीच्या माळ्यावरचे तीन कप्पेच जणू. १९९५-९६च्या सुमारास महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, आणि चोरीचा आळ घेणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी आलं.

या बायका शहरासाठी काय करतात, याचा पैशातला हिशोबही झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ साली झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की एकेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचा कचरा-वाहतुकीचा खर्च महापालिकेला वाचवून देते. त्याबद्दल तिला पालिकेकडून एक पैसाही मिळत नव्हता. २००८ साली याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. ज्या बायका कुंडीपाशी उभ्या होत्या त्या आता दारात येऊ लागल्या. घरटी ठरलेलं शुल्क, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांचे.

बोहारीण गेली आणि काही वर्षांनी तिच्या जागी, वेगळ्या नावानं, दारात पुन्हा एक बाई उभी राहिली.

कायद्यानं आणलेला कोपरा

आता सरकारी बाजू. १९९४ला सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरांतल्या घाणीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले, पण त्यांचा भर नगरपालिकांच्या जबाबदारीवर होता. २०१६च्या नियमांनी मात्र थेट तुमच्या-माझ्या घरात पाऊल टाकलं. ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच तीन ठिकाणी वेगळा साठवायचा, हे प्रत्येकाचं कर्तव्य ठरलं. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असंही त्यात आलं.

महाराष्ट्रात मार्च २०१८मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तिच्यात दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे पुनर्खरेदी किंमत छापायची तरतूद होती. ती व्यवहारात काही रुळली नाही. पण कल्पना कुठली आहे, ओळखलंत? आरेच्या बाटलीची. रिकाम्या वस्तूला भाव द्या, म्हणजे घर ती जपेल.

मग कोपरा कसा ठेवायचा?

इतका इतिहास ऐकल्यावर थोडं कामाचंही बोलू. माझं म्हणणं असं, की डबे किती आणि कोणत्या रंगाचे हा प्रश्न दुय्यम आहे. आपण जे ठेवतोय ते कुणाच्या हातात जाणार आहे, इथून सुरुवात केली की बाकीचं आपोआप सुचतं.

ती ओल्या मालाचे पैसे मिळवू शकत नाही, म्हणून कोरडं ठेवायचं. दह्याचा डबा, सॉसची बाटली विसळून, पालथी घालून, मगच पोत्यात. तेलकट पुठ्ठा, खाल्लेल्या कागदी प्लेटा सुक्यात घालायच्या नाहीत. त्यांनी चांगला कागदही नासतो, वर झुरळं येतात.

पेपर आणि पुस्तकं सुतळीनं बांधून जमिनीपासून थोडी उंच. फरशीला ओल असते, आणि कसर लागली की गठ्ठाच जातो. खोकी उलगडून, चपटी करून भिंतीला टेकवली तर वीस खोकी एका वितीत मावतात. हल्लीच्या फ्लॅटमध्ये बिल्डर ज्याला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतो, ती जागा यासाठी उत्तम. नाव सार्थ होईल! ती नसेल तर दाराआडच्या खुंटीला दोन कापडी पिशव्या पुरतात. एक कागदाची, एक प्लास्टिकची. जुन्या पडद्याच्या शिवल्या तर आजीलाही बरं वाटेल.

काच वेगळी. आणि फुटकी काच तर नक्कीच वेगळी, जाड कागदात गुंडाळून, वर ठळक लिहून. ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, जुने सेल, औषधं हे एका घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सांगून द्यायचं.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी मघाशी राखून ठेवली होती. कापडाच्या घड्या गेल्या, पॅड आले, आणि मुलांचे डायपर आले. बायकांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण वापरलेलं पॅड काळ्या पिशवीत उघडं टाकलं, की ते उघडतं कुणाच्या हातात? दुसऱ्या एका बाईच्याच. २०१३ साली पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले होते, हे दाखवायला की आम्ही रोज काय हाताळतो. पुढे ‘लाल ठिपका’ मोहीम निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल पेननं एक मोठा ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पिशवी न उघडता ती बाजूला ठेवता येते. खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. घर नीटनेटकं ठेवण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही एकच करायची असेल, तर ही करा.

उरला तो प्रश्न बिनभावाच्या चकचकीत पुड्यांचा. त्या कितीही नीट घडी घालून ठेवल्या तरी भंगाराच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. तो प्रश्न घरातल्या कोपऱ्यात सुटणारा नाही, तो कारखान्यात आणि कायद्यात सुटेल. आपण त्या वेगळ्या ठेवू शकतो, कमी आणू शकतो, आणि त्या बनवणाऱ्यांना विचारू शकतो, की बाबांनो, तुमची बाटली परत घ्यायचात, मग पुडी का नाही?

तर मंडळी, इतिहासातून मला दिसलेली गोष्ट एवढीच. वर्गवारी कुणाला चुकलेली नाही. कासाराच्या काळात ती घरात व्हायची, नंतर कुंडीपाशी व्हायला लागली. कोरड्या, स्वच्छ हातांनी ती एकदाच करता येते, आणि ती जागा आपलं स्वयंपाकघर आहे. त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर तेच काम अधिक घाण, अधिक धोक्याचं आणि कमी पैशांचं होत जातं.

तुमच्या घरी कोपरा कुठे होता, माळ्यावर की खाटेखाली? बोहारणीशी घासाघीस कोण करायचं? तिला तुमच्या गावात काय म्हणायचे? जरूर कळवा. विदर्भातल्या आणि कोकणातल्या श्रोत्यांच्या आठवणी मला विशेष हव्या आहेत.

पुढच्या भागात आपण तांबट आळीतच थोडं थांबणार आहोत, कल्हईच्या गोष्टीसाठी. तोवर नमस्कार. आणि हो, लाल पेन कचऱ्याच्या डब्याजवळच अडकवून ठेवा.